दिशा कळेना, धक्का कळे

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ७ एप्रिलला, तो जवळपास ९ टक्क्यांनी उसळला! योगायोग? कुठल्याही बाजाराचे जुने आकडे काढून बघा, मोठे धक्के घोळक्यानेच येतात. शांत दिवसही एकमेकांना धरून असतात.

काल कडाक्याचं भांडण झालेल्या घरात आज कोण कुणावर तडकेल ते सांगता येत नाही; पण घर शांत नसणार, हे शेजारीही सांगतील. बाजाराची ही धुसफूस मोजायची कशी?

याचं उत्तर ज्यांच्या हाती लागलं ते रॉबर्ट एंगल मूळचे भौतिकशास्त्राचे. कॉर्नेल विद्यापीठात ते अर्थशास्त्राकडे वळले. १९७९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये असताना त्यांच्या डोक्यात शेअर बाजार नव्हताच, महागाई होती. तिच्या अनिश्चिततेमुळेच अर्थव्यवस्था हेलकावे खाते, ही मिल्टन फ्रिडमन यांची अटकळ त्यांना तपासायची होती. पंचाईत अशी, की रूढ प्रारूपं अनिश्चितता सदासर्वकाळ एकसारखीच धरून चालत.

एंगल यांनी काय केलं? महागाईचा अंदाज जेवढ्याने चुकला, त्या आकड्याचा वर्ग घेतला. बस्स! उणे २ चा वर्ग ४, अधिक २ चाही ४. दिशा पुसली गेली, धक्का तेवढा उरला. आणि ज्या चुकांमध्ये काही म्हणता काही सूत्र सापडत नव्हतं, त्यांच्या वर्गांमध्ये ते लख्ख दिसू लागलं: मागचा वर्ग मोठा, तर पुढचाही बहुधा मोठाच. शाळेत शिकलेली वर्गाची क्रिया इतकं काही लपवून बसली असेल, असं कुणाला वाटलं असतं?

१९८२ च्या निबंधातलं हे प्रारूप ‘आर्च’ नावाने गाजलं. १९८६ मध्ये एंगल यांचेच विद्यार्थी टिम बोलर्सलेव्ह यांनी ते ‘गार्च’ करून आणखी सुटसुटीत केलं. २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल एंगल यांना क्लाइव्ह ग्रेंजर यांच्यासोबत मिळालं.

महागाईसाठी निघालेली ही कल्पना शेअर बाजारातही आली. याच कुळातलं एक सूत्र १९९८ मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीच्या वर्मा समितीने निर्देशांकाच्या फ्युचर्ससाठी सुचवलं. त्यात अस्थिरतेच्या नव्या अंदाजात जुन्या अंदाजाचा वाटा ९४ टक्के होता, त्या दिवसाच्या धक्क्याच्या वर्गाचा ६ टक्के. गणित एवढंच! बाजार जोरात हलला की अस्थिरतेचा हा आकडा फुगतो, त्यावर ठरणारं मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, वाढतं आणि ती भरा म्हणून ब्रोकरचे फोन खणखणू लागतात.