झाकले जाणारे काम

घर बांधण्याचा प्रसंग आयुष्यात एखाद्या वेळीच येतो. दुरुस्तीचा प्रसंग मात्र वरचेवर येतो. पावसाळा तोंडावर आला, की गच्चीला पडलेल्या चिरा दिसू लागतात, भिंतीवरील ओलीची आठवण होते, पाण्याची टाकी पाझरत असल्याचे ध्यानात येते आणि गवंडी, प्लंबर, रंगारी यांचा शोध सुरू होतो. या सर्व कामांत एक अडचण समान आहे. कापड विकत घेताना ते उलटसुलट करून पाहता येते. बांधकामातील महत्त्वाचा भाग मात्र काम संपताच दृष्टीआड होतो. नळ भिंतीत जातो, भिंतीवर गिलावा चढतो, गिलाव्यावर रंग बसतो. म्हणून काम झाकले जाण्यापूर्वी काय पाहावे, हे घरमालकाला ठाऊक असले पाहिजे. आपल्यापैकी काही जण स्वतःच हे काम करीत असतील. त्यांनी हा पाठ दुसऱ्या बाजूने वाचावा. ठरलेले काम लिहून ठेवण्याची गरज कारागिरालाही तितकीच असते.

कारागीर निवडताना त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले काम पाहावे. नुकतेच पूर्ण झालेले काम बहुधा चांगलेच दिसते.

दर दोन प्रकारे ठरतो : केवळ मजुरीचा किंवा मालासह. मालासह दर असल्यास सिमेंट कोणते, सिमेंट व वाळूचे प्रमाण किती, रंगाचे हात किती, हे कागदावर यावे. मापाविषयीही असेच. महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी तेथील माप घनफुटात किती होते, हे आधी विचारून घ्यावे. आता गिलाव्याचे उदाहरण घेऊ. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. त्यात ७ फूट उंच व ३ फूट रुंद दार आणि ४ फुटी चौरस खिडकी असेल, तर ३७ चौरस फुटांची वजावट निघते. मालक म्हणतो, तेथे भिंतच नाही, तर पैसे कशाचे? गवंडी म्हणतो, दाराखिडक्यांच्या कडा साधण्यातच अधिक वेळ जातो. गवंड्याचे म्हणणे निराधार नाही. वजावट पूर्ण, अर्धी की मुळीच नाही, यांपैकी काहीही ठरवता येते. परंतु ते कामाआधी ठरवावे.

पैसे एकरकमी देऊ नयेत. माल आणण्यापुरती उचल, त्यानंतर कामाच्या टप्प्यानुसार रक्कम आणि तपासणी होईपर्यंत थोडा भाग मागे, अशी विभागणी उभयपक्षी सोयीची ठरते. मात्र हा राखीव भाग किती व किती दिवसांसाठी, हेही लेखी असावे. मजुरांची रोजची मजुरी अडवून ठेवणे, हा तपासणीचा मार्ग नव्हे.

झाकल्या जाणाऱ्या कामाची तपासणी करण्यास फारशा साधनांची गरज नसते. गोणीवर सिमेंट तयार झाल्याचा आठवडा व वर्ष छापलेले असते; तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. भिंतीतील नळ बुजवण्यापूर्वी त्यांत पाणी दाबाने भरून सांधे कोरडे राहतात का, ते पाहावे आणि मोजपट्टी लावून नळांचे छायाचित्र घ्यावे. पुढे खिळा ठोकताना त्याचा उपयोग होतो. स्नानगृहातील गळतीरोधक थर पूर्ण झाल्यावर लगेच फरशी बसवू देऊ नये. पाणी जाण्याची वाट बंद करून तेथे पाणी साठवावे, पातळीवर खूण करावी, निदान दोन दिवस थांबावे आणि खालच्या छताकडेही लक्ष ठेवावे. उघड्या गच्चीवर पाण्याची वाफही होते. तेथे पाण्याने भरलेली एक बादली खूण करून शेजारी ठेवावी. बादलीपेक्षा गच्चीवरील पातळी अधिक उतरली, तर पाणी कोठेतरी मुरत आहे असे समजावे.

सिमेंट ‘वाळून’ घट्ट होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते कठीण होत जाते. ओलावा लवकर उडाला, तर ती क्रिया अपुरी राहते व चिरा पडतात. त्यासाठी निदान सात दिवस आणि कडक उन्हाळ्यात त्याहून अधिक काळ पाणी मारावे लागते. हे काम कोणी करायचे, हा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि पुष्कळ गिलावे त्यामुळेच खराब होतात!

ठेका घेऊन केलेले काम सदोष निघाले आणि कारागीर ते सुधारून देत नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. अर्थात तेथे पावती व करारपत्र हाच आधार असतो.

पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाल्यावर निगा घरच्यांवर येते. प्रथम तिचे आकारमान काढावे. ५ फूट लांब, ४ फूट रुंद व ३ फूट खोल टाकी ६० घनफुटांची असते. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे तिच्यात जवळजवळ १,७०० लिटर पाणी राहील. सामान्यतः १,००० लिटर स्वच्छ पाण्यास अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. या टाकीला चार ग्रॅमच्या आसपास लागेल. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी टाकीत ओतावे व तासभर ते पाणी वापरू नये. पोहण्याचा तलाव उघडा असतो, त्यात माणसे उतरतात आणि उन्हाने क्लोरीन नाहीसा होतो. म्हणून तेथील क्लोरीन दररोज तपासावा लागतो. घरच्या टाकीला झाकण असते, हा मोठा फायदा आहे. ब्लीचिंग पावडरचा डबाही घट्ट बंद ठेवावा. ती आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

टाकी धुताना तळाइतक्याच भिंतीही घासणे जरूर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी घालतो. ती कोरडी पडली, तरी कित्येक महिने टिकतात व पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. जमिनीखालील टाकीत कोणालाही एकट्याने उतरू देऊ नये. बंद जागेत प्राणवायू कमी असू शकतो आणि हे डोळ्यांना दिसत नाही. झाकण आधी पुष्कळ वेळ उघडे ठेवावे, पेट्रोलवर चालणारा पंप आत नेऊ नये, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि त्याचे दुसरे टोक धरून एक माणूस बाहेर उभा असावा. आतला माणूस बेशुद्ध झाला, तरी बाहेरच्याने त्याच्यामागे आत उडी घेऊ नये. दोर ओढावा आणि इतरांना हाक मारावी.