‘अटॅक्सिया’ म्हणजे काय ?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कधी कधी ‘अटॅक्सिया’ असा शब्द वाचावयास मिळतो आणि घरात काळजी पसरते. कोणी त्यास अर्धांगवायू समजतो, कोणी नुसती अशक्तता, तर कोणी वेडाचा आरंभ. शब्दाचा अर्थ ठाऊक नसला म्हणजे भीती व गैरसमज दोन्ही वाढीस लागतात. म्हणून ट्रस्टच्या या स्मरणिकेत त्याचा उलगडा करावा, असे आम्ही योजिले आहे.

शब्द मूळचा ग्रीक. ‘टॅक्सिस’ म्हणजे रचना, सैन्याची शिस्तबद्ध मांडणी. आणि ‘अ’ हा आपल्या ‘अज्ञान’ शब्दातील ‘अ’ प्रमाणेच अभाव दाखवितो. शाळेतील कवाईत डोळ्यांपुढे आणावी. मुले धडधाकट आहेत, पाय उचलावयास शक्ती आहे. परंतु हुकूम वेळेवर पोचत नाही. मग कोणी आधी पाऊल टाकतो, कोणी मागाहून, आणि रांग मोडते. अटॅक्सियात स्नायूंची हीच गत होते. अर्धांगवायूत शक्ती जाते. येथे मेळ जातो.

चहाचा पेला ओठांशी नेणे आपणांस सोपे वाटते. पण त्या वेळी दंडाचा पुढचा स्नायू आखडावा लागतो, मागचा त्याच मापाने सैल पडावा लागतो, आणि हात नेमक्या जागी थांबावा लागतो. हा मेळ प्रामुख्याने डोक्याच्या मागील भागातला लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, राखतो. त्याचे वजन सर्व मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके. पण मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यात असतात. तो बिघडला की पाय फाकवून, झोकांड्या खात चालणे, पेला हिंदकळणे, अक्षर वेडेवाकडे येणे, बोलणे अडखळणे अशी चिन्हे दिसतात.

दोष नेहमी तेथेच असतो असे मात्र नाही. हातपाय कोठे आहेत याची वर्दी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. ती वाट बिघडली तर रोगी डोळ्यांच्या आधाराने चालतो, आणि तोंड धुताना डोळे मिटताच त्याचा तोल जातो. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची जी परीक्षा डॉक्टर घेतात, तिला एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रोम्बर्ग यांचे नाव आहे. कानाच्या आतील तोल राखणारे इंद्रिय बिघडले तरीही चाल डळमळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अटॅक्सिया हे, तापासारखे, मुख्यतः लक्षणाचे नाव आहे. त्यामागील कारण निराळे शोधावे लागते. ब-१२ किंवा ई जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, फिटांवरील एखाद्या औषधाची अधिक मात्रा, ही कारणे वेळीच कळली तर उपाय होऊ शकतो. मात्र तोल एकाएकी गेला, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा असू शकतो. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

काही प्रकार आनुवंशिक आहेत. हायडेलबर्गचे वैद्य फ्रीड्राइख यांनी १८६३ साली वर्णिलेला प्रकार बहुधा ५ ते १५ वर्षांच्या वयात सुरू होतो. त्याचे जनुक १९९६ साली सापडले. आईबाप दोघेही त्या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि जवळच्या नात्यातील विवाहात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. मामेबहीण, चुलतबहीण करण्याची चाल असलेल्या घराण्यांत असा रोगी असेल, तर सोयरीक ठरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यासाठी २०२३ साली अमेरिकेत एका औषधास मान्यता मिळाली. ते रोग समूळ घालवीत नाही. व्यायाम व आधार यांचे महत्त्व कायमच आहे.

दारूचा परिणाम लहान मेंदूवर होतो, म्हणून मद्यप्याची चाल या रोग्याच्या चालीसारखी दिसते. त्यामुळे थेंबही न शिवलेल्या माणसास रस्त्यावर ‘पिऊन आला’ हे ऐकावे लागते. वर्गात तर याहून वाईट घडते. ज्याचे अक्षर दिवसेंदिवस बिघडते, जो वारंवार अडखळून पडतो, त्या मुलास आम्ही शिक्षक वेंधळा म्हणून मोकळे होतो. छडीने मेळ परत येत नाही. असे मूल दिसताच पालकांनी व शिक्षकांनी त्याची तपासणी करवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचा समावेश आहे, आणि पात्र विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ यांची तरतूद आहे. दिव्यांगत्वाचा दाखला काढून तिचा लाभ अवश्य घ्यावा.

मेळ हरवला तरी बुद्धी बहुधा शाबूत असते. तेव्हा अशा माणसाशी बोलताना त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे, आणि चालताना त्याला हात पुढे करावा.