सातबाऱ्यावरून आपलं नाव कुठे गेलं? कागदाचा माग असा काढा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. गटांच्या बैठकीत वाचता यावं म्हणून इथे छापत आहोत.)



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. तो सगळ्यांसमोर कुणी विचारत नाही. बैठक उठली, सतरंजी गुंडाळली, की एखादी ताई मागे राहते आणि हळूच म्हणते, "वडील जाऊन बारा वर्षं झाली. सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव आहे. विचारलं तर म्हणतो, तूच सही करून दिलीस. सही केली होती खरी, पण कशावर केली ते मला माहीत नाही. आता काही करता येईल का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर कपाटातल्या कागदात असतं. भावाने काय सांगितलं, वहिनी काय म्हणाली, पाव्हण्यांनी काय ऐकलं, ते सगळं नंतर. आधी कागद बघायचा. तो कुठे असतो आणि कसा मागायचा, तेच आज सांगते.

आधी हक्काचं थोडक्यात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. वडिलांची स्वतःची मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलगा, मुलगी, विधवा बायको आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्ये केली, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या मुली त्यात आल्या. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री या कायद्याने मोडत नाही. मुस्लिम, ख्रिश्चन आणि आदिवासी मैत्रिणींचे वारशाचे नियम वेगळे आहेत, पण कागद शोधायची वाट सगळ्यांची एकच आहे.

पहिला कागद सातबारा.

माहेरच्या जमिनीचा गट नंबर माहीत असेल तर सातबारा कुणालाही काढता येतो. त्यासाठी भावाची परवानगी लागत नाही. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे मिळतो. सेतू केंद्रात किंवा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचाही मिळतो. गट नंबर माहीत नसेल तर वडिलांच्या नावाने शोधा. सोबत आठ-अ घ्या. एका खातेदाराची गावात किती जमीन कोणकोणत्या गटात आहे, ते आठ-अ वर एकत्र दिसतं. बऱ्याचदा आपल्याला घराजवळचं एकच रान माहीत असतं आणि ओढ्यापलीकडचा तुकडा विसरलेला असतो.

सातबारा हातात आला की तीन जागा बघा.

एक, भोगवटादाराचा रकाना. तिथे कुणाकुणाची नावं आहेत? भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' असं लिहिलेलं असेल तर नीट थांबा. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा पुढारी. म्हणजे भावाचं नाव कुटुंबाच्या वतीने लागलेलं आहे, तो एकटा मालक म्हणून नव्हे.

दोन, 'इतर हक्क' हा रकाना. पूर्वी बहिणींची नावं मालकीच्या रकान्यात न घेता इथे टाकायची पद्धत होती. आपलं नाव तिथे सापडलं तर तो मोठा पुरावा आहे, कारण वारस म्हणून आपली नोंद झाली होती हे त्यातून दिसतं.

तीन, नावाजवळचा फेरफार क्रमांक. मैत्रिणींनो, आजच्या भाषणातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली ते फेरफार सांगतो.

दुसरा कागद फेरफार.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६, हक्कात झालेल्या बदलांची वही. 'अमुक तारखेला अमुक मयत झाले, त्यांना वारस अमुक' असं त्यात लिहिलेलं असतं. वडिलांनंतरचा फेरफार काढा आणि वारसांची यादी वाचा. इथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल. बहिणींची नावं लिहिलीच नाहीत. किंवा लिहिली आणि पुढच्या एखाद्या फेरफाराने कमी केली. किंवा वाटप, हक्कसोड, मृत्युपत्र अशा कागदाचा आधार दिला आहे. तिन्हींची पुढची वाट वेगळी आहे, म्हणून अंदाजाने भांडायला जाऊ नका.

जुने फेरफार तलाठ्यांकडे नसतील तर ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात गाव, गट नंबर आणि फेरफार क्रमांक लिहा. आणि फक्त फेरफाराची नक्कल मागू नका. असं लिहा: 'सदर फेरफाराची, तसेच त्यासोबतचा अर्ज, जबाब, प्रतिज्ञापत्र व बजावलेल्या नोटिसा यांची प्रमाणित नक्कल मिळावी.' आपली ती 'कशावर केली माहीत नाही' अशी सही बहुधा या जोडकागदांतच असते. नोटीस आपल्याला दिल्याचं दाखवलं असेल तर सही कुणाची, अंगठा कुणाचा, तेही तिथेच कळतं.

अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. 'भाऊसाहेब, पोच द्या' एवढं म्हणायला घाबरायचं नाही. उत्तर आलं नाही किंवा कागद सापडत नाही असं कुणी म्हणालं, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तीही नाही. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

तिसरा कागद दुय्यम निबंधक कार्यालयातला.

फेरफारात हक्कसोडपत्राचा उल्लेख असेल तर त्याचा दस्त क्रमांक आणि साल टिपून घ्या. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं असावं लागतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवर गावाचं नाव आणि गट नंबर टाकून नोंदवलेल्या दस्तांची सूची दोन बघता येते. दस्ताची नक्कल कार्यालयात अर्ज करून मिळते. साध्या कागदावर 'मला हिस्सा नको' असा जबाब घेऊन नाव कमी केलं असेल, तर ते वकिलाला नक्की दाखवा.

मृत्युपत्राचा आधार असेल आणि ते नोंदवलेलं असेल, तर करणारी व्यक्ती हयात असताना त्याची नक्कल फक्त तिलाच मिळते. तिच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळू शकते. मृत्यूचा दाखला सोबत न्या. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, म्हणून ते तिथे सापडलं नाही तर फेरफाराच्या जोडकागदांत शोधा.

चौथी जागा कोर्ट.

शेतीची वारस नोंद बहुतेक वेळा महसूल खात्यातच होते, कोर्टात जावं लागत नाही. पण बँकेतली ठेव, शेअर यांसाठी दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. शिवाय १८२७ च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली न्यायालय वारस दाखला देतं. कुणी असा दाखला काढला आहे का, किंवा वाटपाचा दावा परस्पर झाला आहे का, ते ई-कोर्ट संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय, पक्षकाराचं नाव आणि साल टाकून शोधता येतं. वडिलांच्या आणि भावाच्या, दोन्ही नावांनी बघा. आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहूनही बघा. जुनं प्रकरण तिथे दिसलं नाही तर कोर्टाच्या नक्कल विभागात नाव आणि साल देऊन अर्ज करा. वारसांची माहिती लपवून उत्तराधिकार प्रमाणपत्र घेतलं असेल तर ते रद्द करून मागता येतं.

आणि घर? ते सातबाऱ्यावर नसतं. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. गावठाणाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्या.

आता कागद मिळाले, पुढे काय?

वारस नोंद झालीच नसेल तर मार्ग सोपा आहे. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेला अर्ज तलाठ्यांकडे द्या. कायद्याने हे तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्जात आईचं नाव आहे ना, तेवढं बघा. मुलीच्या नावासाठी आपण धडपडतो आणि आई यादीतून निसटते, असंही होतं. नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

नोंद चुकीची झाली असेल तर प्रांतांकडे अपील करता येतं. मुदत ६० दिवसांची, पण उशिराचं खरं कारण दाखवून तो माफ करण्याची विनंती करता येते. 'मला नोटीसच मिळाली नाही' हे असं कारण आहे, आणि त्याचा पुरावा त्या जोडकागदांत असतो. हेही सांगते: फेरफार मालकी ठरवत नाही, तो मुख्यतः सारा कुणाकडून घ्यायचा यासाठीचा कागद. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क संपला, असं कुणी सांगितलं तर लगेच मानू नका. मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालय करतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

शेवटी मनातलं. आपल्याला भीती कोर्टाची नसते. भीती असते ती माहेर तुटायची, दिवाळीला ताट वाढणारं कुणी उरणार नाही याची. ती भीती खोटी नाही. म्हणून सांगते, कागद बघणं म्हणजे भांडण नव्हे. कागद बघून एखादी म्हणेल, माझा वाटा मला हवा. दुसरी म्हणेल, आईचं नाव लावा, मला एवढंच पुरे. तिसरी म्हणेल, भावालाच राहू दे. तिन्ही निर्णय तिचे. पण काय सोडते आहे हे माहीत असताना सोडणं वेगळं आणि न वाचलेल्या कागदावर सही करणं वेगळं.

येत्या बैठकीला प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा एकेक सातबारा आणा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी फेरफार क्रमांकाखाली रेघ मारावी. सुरुवात एवढीच आहे.

नमस्कार.