स्टीपलचेस (घोड्यांची शर्यत)

स्टीपलचेस हा घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. यात घोडा व स्वार यांना ठरावीक अंतर कापताना वाटेतील कुंपणे, चर आणि पाण्याचे ओहोळ उडी मारून ओलांडावे लागतात. मुंबईतील महालक्ष्मी येथे किंवा पुण्यात होणाऱ्या शर्यती सपाट धावपट्टीवरच्या असतात व काही मिनिटांतच संपतात. स्टीपलचेसचे अंतर साधारणतः सव्वातीन ते सात किलोमीटर असते. त्यामुळे निव्वळ वेगापेक्षा घोड्याचा दम, उडीतील अचूकता आणि स्वाराचे प्रसंगावधान यांवर निकाल अवलंबून राहतो. हा खेळ ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सर्वाधिक लोकप्रिय असून फ्रान्स, चेक प्रजासत्ताक, अमेरिका व जपान या देशांतही खेळला जातो.

नाव व उगम

चर्चच्या उंच, निमुळत्या मनोऱ्याला इंग्रजीत ‘स्टीपल’ म्हणतात, तर ‘चेस’ म्हणजे पाठलाग. एका गावाच्या चर्चपासून निघून दुसऱ्या गावाच्या चर्चपर्यंत प्रथम कोण पोहोचतो, अशी पैज घोडेस्वारांत लागत असे. दूरवरून दिसणारा मनोरा हीच दिशेची खूण होती. मधला रस्ता ज्याने त्याने शोधायचा असे. परंपरेनुसार अशी पहिली शर्यत १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओ’कॅलहन आणि एडमंड ब्लेक यांच्यात झाली. बटेव्हंट येथील चर्चपासून डोनरेल येथील चर्चपर्यंतचे ते अंतर सुमारे सात किलोमीटर होते.

या खेळाला त्या काळातील शेतीव्यवस्थेनेही हातभार लावला. अठराव्या शतकात ब्रिटनमधील मोकळी शेते व गायराने मोठ्या प्रमाणावर कुंपणांनी वेढली गेली. कोल्ह्याच्या शिकारीत शिकारी कुत्र्यांच्या मागे दौडणाऱ्या स्वारांपुढे आता जागोजागी काटेरी झुडपांची कुंपणे, दगडी गडगे आणि चर उभे राहिले. ते ओलांडू शकणाऱ्या घोड्याला मोल आले आणि शिकारीबाहेरही त्याची परीक्षा घेतली जाऊ लागली. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींना आजही ‘नॅशनल हंट’ हे शिकारीची आठवण ठेवणारे नाव आहे.

१८३० मध्ये इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथे खाणावळचालक टॉमस कोलमन याने भरवलेली शर्यत ही सुसंघटित स्टीपलचेसची सुरुवात समजली जाते. मात्र शेताशिवारातून जाणारी शर्यत प्रेक्षकांना पूर्ण दिसत नसे आणि तिच्यासाठी प्रवेशशुल्क आकारणेही अवघड होते. म्हणून ती हळूहळू बंदिस्त मैदानात आली आणि निसर्गतः असलेल्या कुंपणांची व ओढ्यांची जागा मुद्दाम बांधलेल्या अडथळ्यांनी घेतली.

मैदानी खेळांतील ३००० मीटर स्टीपलचेस ही याच शर्यतीची माणसांनी पायी धावून केलेली नक्कल होय. ऑक्सफर्डमधील एक्सेटर महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८५० मध्ये तिची सुरुवात केली. २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असलेल्या या प्रकारात बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

अडथळे व वजनभार

ब्रिटनमध्ये स्टीपलचेसचे साधे कुंपण किमान १.३७ मीटर (साडेचार फूट) उंच असते. काही कुंपणांच्या अलीकडे उघडा चर असतो. तेथे घोड्याला उडीची सुरुवात लवकर करावी लागते. ‘हर्डल’ शर्यतींतील अडथळे याहून कमी उंचीचे व धक्क्याने कलणारे असतात. नवा घोडा बहुधा प्रथम हर्डलवर तयार केला जातो व पुढे स्टीपलचेसकडे वळवला जातो. यातील बहुतांश नर घोडे खच्ची केलेले असतात. प्रजननासाठी त्यांचा उपयोग नसल्याने ते अनेक वर्षे धावत राहतात आणि प्रेक्षकांच्या ओळखीचे होतात. सपाट शर्यतीचा नामांकित घोडा पुष्कळदा तीन-चार वर्षांचा होताच निवृत्त होतो. ग्रँड नॅशनलमध्ये मात्र सात वर्षांखालील घोड्याला प्रवेशच नाही.

अनेक शर्यती ‘हॅंडिकॅप’ पद्धतीच्या असतात. अधिक सरस समजल्या जाणाऱ्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन स्पर्धा बरोबरीची करण्याचा यात प्रयत्न असतो. स्वार व खोगीर मिळून वजन कमी भरले, तर खोगिराखालच्या कापडात शिशाचे पत्रे घालून ते पुरे केले जाते.

ग्रँड नॅशनल

लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे होणारी ग्रँड नॅशनल ही जगातील सर्वांत प्रसिद्ध स्टीपलचेस होय. १८३९ ची शर्यत तिची पहिली अधिकृत शर्यत मानली जाते. ती ‘लॉटरी’ या घोड्याने जिंकली. त्याच शर्यतीत कॅप्टन मार्टिन बीचर हा स्वार ओहोळात पडला आणि त्या अडथळ्याला ‘बीचर्स ब्रुक’ हे नाव कायमचे चिकटले. सध्या सुमारे ६.९ किलोमीटर अंतरात घोड्यांना ३० उड्या माराव्या लागतात. अडथळे १६ असून त्यांपैकी १४ दोनदा ओलांडावे लागतात.

या शर्यतीचा इतिहास मुख्यतः अनपेक्षित घटनांचा आहे. १९२८ मध्ये ४२ घोड्यांपैकी केवळ दोनच शेवटपर्यंत पोहोचले. १९५६ मध्ये राजमाता एलिझाबेथ यांचा ‘डेव्हन लॉक’ हा घोडा सर्व अडथळे पार करून आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या अगदी जवळ अचानक पोटावर कोसळला; त्याचे नेमके कारण कधीच ठरले नाही. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजला. १९६७ मध्ये स्वार गमावलेला एक घोडा तेविसाव्या अडथळ्यापुढे आडवा धावला आणि मागच्या घोड्यांची एकच दाटी झाली. बराच मागे राहिलेला ‘फॉइनावॉन’ त्या गोंधळातून वाट काढत पुढे गेला आणि जिंकला. त्याच्यावर एकास शंभर असा भाव होता.

वजनभाराचा परिणाम १९७३ च्या शर्यतीइतका स्पष्ट क्वचितच दिसला असेल. ‘क्रिस्प’ या ऑस्ट्रेलियन घोड्याच्या पाठीवर ७६ किलो, तर ‘रेड रम’च्या पाठीवर सुमारे ६६ किलो वजन होते. क्रिस्पने फार मोठी आघाडी घेतली होती, पण अखेरच्या अडथळ्यानंतर त्याची पावले जड झाली आणि अगदी शेवटच्या क्षणी रेड रमने त्याला पाऊण घोड्याच्या अंतराने मागे टाकले. दोघांनीही त्यापूर्वीचा विक्रम सुमारे १९ सेकंदांनी मोडला होता. खुराच्या हाडाचा आजार असलेल्या रेड रमला जिंजर मॅकेन याने साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत तयार केले होते. त्याने १९७४ व १९७७ मध्येही शर्यत जिंकली. तीन विजयांचा हा पराक्रम अन्य कोणत्याही घोड्याला साधलेला नाही. त्याचे दफन एन्ट्री येथे विजयस्तंभाजवळच केलेले आहे.

स्त्री स्वारांना या शर्यतीत १९७७ पर्यंत वाट पाहावी लागली; त्या वर्षी शार्लट ब्रू प्रथम उतरली. २०२१ मध्ये आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोरने ‘मिनेला टाइम्स’वर स्वार होऊन विजय मिळवला.

इतर शर्यती

चेल्टनहॅम गोल्ड कप (स्टीपलचेस म्हणून १९२४ पासून) ही हॅंडिकॅप नसलेली शर्यत असल्याने जाणकार तिलाच श्रेष्ठत्वाची खरी कसोटी मानतात. ‘गोल्डन मिलर’ने ती १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे जिंकली, आणि १९३४ मध्ये तिच्यासोबत ग्रँड नॅशनलही. एकाच वर्षी या दोन्ही शर्यती जिंकणारा तो एकमेव घोडा आहे. पारदुबित्से येथील ‘वेल्का पारदुबित्स्का’ (१८७४ पासून) ही शर्यत काही भागात नांगरलेल्या शेतातून जाते. १९३७ मध्ये लाता ब्रांडिसोवा हिने ‘नॉर्मा’ या घोडीवर ती जिंकली. जर्मनीशी तणाव वाढत असताना जर्मन लष्करी स्वारांवर मिळवलेला हा विजय चेकोस्लोव्हाकियात राष्ट्रीय घटना ठरला. अमेरिकेतील मेरीलँड हंट कपमध्ये न हलणारी लाकडी कुंपणे असतात, तर पॅरिसमधील मोठी स्टीपलचेस ओतय येथे होते.

घोड्यांचे मृत्यू व सुधारणा

उडी चुकल्यास घोड्याचा पाय वा मान मोडू शकते. पायाचे हाड मोडलेला घोडा तीन पायांवर दीर्घकाळ उभा राहू शकत नाही आणि पडूनही राहू शकत नाही; म्हणून अशा घोड्याला बहुधा जागीच वेदनारहित मृत्यू दिला जातो. या कारणास्तव प्राणिहक्क कार्यकर्ते शर्यतीवर बंदीची मागणी करतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ती चालू असली, तरी न्यू साउथ वेल्समध्ये १९९७ पासून तिला बंदी आहे. उलट, अडथळ्यांचा धोकाच काढून टाकल्यास खेळाचे स्वरूपच उरणार नाही, असे समर्थक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातील अडचण अशी की धोका पत्करण्याचा निर्णय स्वार घेऊ शकतो, घोडा नाही.

ग्रँड नॅशनलमध्ये २०१२ साली दोन घोडे दगावल्यानंतर कुंपणांच्या आतील लाकडी गाभ्याच्या जागी लवचिक प्लॅस्टिकचा गाभा बसवण्यात आला. बीचर्स ब्रुकपलीकडचा धोकादायक उतार त्याआधीपासूनच टप्प्याटप्प्याने कमी केला जात होता. २०२३ मध्ये आंदोलकांनी मैदानात शिरून शर्यत लांबवली आणि पहिल्याच अडथळ्यावर ‘हिल सिक्स्टीन’ मरण पावला. पुढील वर्षापासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ करण्यात आली. सुरुवातीलाच फार वेग घेता येऊ नये म्हणून पहिला अडथळाही प्रारंभरेषेच्या जवळ आणण्यात आला. २०२४ मध्ये एकही घोडा पडला नाही. २०२५ मध्ये मात्र १३ वर्षांचा ‘सेलेब्र दालेन’ शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात थकून मैदानावर कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला.