वाय-फाय क्लायंट सॉफ्टवेअरचे नियोजन : रोमिंग, सुरक्षा व ऊर्जाबचत

प्रस्तावना : शिळफाटा परिसरातील एखाद्या महाविद्यालयात लॅपटॉप सुरू ठेवून ग्रंथालयातून वर्गाकडे जाताना एका ॲक्सेस पॉइंटची लहर क्षीण होते व दुसऱ्याची प्रबळ होते. जोडणी केव्हा बदलावी, हा निर्णय मुख्यतः लॅपटॉपमधील क्लायंट सॉफ्टवेअर घेते. यालाच रोमिंग म्हणतात.

विवेचन : रोमिंग, सुरक्षा व ऊर्जाबचत परस्परांत गुंतलेल्या आहेत. नवा ॲक्सेस पॉइंट वारंवार शोधल्यास बॅटरी खर्च होते. रेडिओ निद्रिस्त ठेवल्यास बदलाची चाहूल उशिरा लागते. प्रत्येक बदलाच्या वेळी वापरकर्त्याची संपूर्ण पडताळणी झाल्यास ऑनलाइन व्याख्यान खंडित होऊ शकते. २००८ च्या ८०२.११आर मानकाने ही पडताळणी संक्षिप्त केली. त्याच वर्षीच्या ८०२.११के मानकाने शेजारील ॲक्सेस पॉइंटची माहिती पुरवून शोधाचा व्याप घटविला. २०१७ मध्ये उघड झालेल्या ‘क्रॅक’ हल्ल्याने मात्र डब्ल्यूपीए-२ मधील उणीव दाखविली. शीघ्र रोमिंगची पद्धतही तीतून सुटली नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हाच त्यावरील उपाय ठरला. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. परंतु ते न जाणणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए-२ सुरू ठेवावे लागते. वाय-फाय ६ मध्ये उपकरणाची जागे होण्याची वेळ आधीच ठरविता येते.

निष्कर्ष : सारांश, या तिन्ही सुविधांचे नियोजन एकत्रितपणे होणे आवश्यक आहे. म्हणूनच महाविद्यालयांनी उपकरणे खरेदी करताना केवळ वेग न पाहता सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे मिळणार, याचीही चौकशी करणे हितावह ठरेल.