स्वस्त द्यावे, पण गज आखूड करू नये

उर्दू शाळांतून शिकलेल्या आमच्या पिढीला इब्ने सफी यांचा इमरान चांगला परिचयाचा आहे. १९५५ साली सुरू झालेल्या या मालिकेतील पात्रे घेऊन पुढे इतर लेखकांनीही कादंबऱ्या लिहिल्या. त्या विक्रीसाठी होत्या. इंग्रजी वाचकांत मात्र आवडत्या कथेतील पात्रे घेऊन निव्वळ हौसेने, फुकट लिहिणारे पुष्कळ आहेत. या लेखनास 'फॅन फिक्शन' म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनालिया' हे चक्रमुद्रित नियतकालिक काढले होते, इतकी ही हौस जुनी आहे.

या हौसेतून संपादकाचा धंदा उभा राहू शकतो. तो कसा, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

या मंडळींत कथा वाचकांपुढे ठेवण्याआधी दुसऱ्या चाहत्याकडून तपासून घेण्याची रीत आहे. अशा तपासनीसास 'बीटा रीडर' म्हणतात. पात्राची बोली कोठे बदलली, प्रसंग कोठे रेंगाळला, हे त्याला सरावाने दिसू लागते. ही त्याची उमेदवारी होय. पुढे व्याकरण व छपाईचे नियम शिकावे लागतात. त्यासाठी अमेरिकेत १९०६ पासून 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हा ग्रंथ प्रमाण मानतात. गिऱ्हाईकही आहे. २००७ साली अॅमेझॉनने किंडलवर लेखकांना स्वतःचे पुस्तक स्वतः काढण्याची सोय केली. अशा लेखकाला प्रकाशकाचा संपादक मिळत नाही. तो त्याला स्वतःच्या खिशातून नेमावा लागतो.

एक पथ्य पाळावे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या २००९ साली खुल्या झालेल्या चाहत्यांच्या कथासंग्रहात व्यापारी जाहिरातीस मनाई आहे. दुसऱ्याच्या पात्रांवर कमाई करणे कायद्यानेही अडचणीचे. म्हणून गिऱ्हाईक बाहेर शोधावे आणि स्वतंत्र कथांचेच काम घ्यावे.

आता दराचा प्रश्न. समजा, कादंबरी ८०,००० शब्दांची आहे आणि तासाला २,००० शब्द तपासून होतात. म्हणजे ४० तास झाले. नमुना तपासणे, पत्रव्यवहार व शेवटची नजर यांचे आणखी १० तास धरा. शब्दाला अर्धा सेंट दर लावला तर हाती ४०० डॉलर, म्हणजे तासाला ८ डॉलर येतात. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. कर व इतर खर्च वजा जाता नवशिक्या संपादकाची मजुरीही सुटत नाही.

मग तो घाईने वाचतो आणि चुका राहतात. धंद्याच्या सुरुवातीला आम्हीही गिऱ्हाईक तोडायचे नाही म्हणून पडत्या भावाने मोठी ऑर्डर घेतली होती. भाव भरून काढायला हलके सूत वापरले. पहिल्याच धुण्यात कापड विटले आणि ते गिऱ्हाईक कायमचे गेले.

गरीब लेखकाला परवडावे असे वाटत असेल तर काम लहान करावे. पूर्ण कादंबरीऐवजी पहिली तीन प्रकरणे बारकाईने तपासून द्यावीत. उरलेल्या चुका लेखक त्यावरून स्वतः सुधारील. किंवा सर्व वाचून दोषांचे एक सविस्तर पत्र द्यावे. पैसे हप्त्याने घ्यावेत. काय करणार व काय करणार नाही, हे आधीच लिहून द्यावे.

ज्याला थान परवडत नाही त्याला तुकडा द्यावा. पण त्याच्यासाठी गज आखूड करू नये. कापडाच्या पेढीवर जे खरे, ते शब्दांच्या धंद्यातही खरे.