कवटीवरून चेहरा

फिलाडेल्फियाचे फ्रँक बेंडर हे व्यवसायाने छायाचित्रकार. १९७७ साली ते संध्याकाळच्या कलावर्गांना जात. शरीररचना जवळून पाहायला मिळावी म्हणून ते शहरातील शवागारात गेले. तेथे एका स्त्रीचे प्रेत होते. डोक्याला गोळ्या लागलेल्या, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. ती कशी दिसत असेल ते आपण सांगू शकतो, असे बेंडर म्हणाले आणि त्यांनी तिचा मस्तकपुतळा घडवला. काही महिन्यांनी तिची ओळख पटली. न्यायवैद्यक कलाकार म्हणून बेंडर यांची वाटचाल इथून सुरू झाली.

हे कसे साधते? आपल्या चेहऱ्यावरील मांसाचा थर सगळीकडे सारखा नसतो. कपाळावर तो जेमतेम ४-५ मिलिमीटर असतो, गालांवर त्याच्या कित्येक पट. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी प्रेतांच्या चेहऱ्यांत सुया टोचून ही जाडी मोजली. त्या मापांच्या आधारे १८९५ मध्ये, संगीतकार बाख यांच्या मानल्या गेलेल्या कवटीवर त्यांनी शिल्पकाराकडून चेहरा घडवून घेतला. आजही कवटीच्या प्रतिकृतीवर ठरावीक जागी तेवढ्या उंचीच्या खुंट्या चिकटवतात व मधली जागा मातीने भरतात. नाकाच्या हाडातील भोकावरून नाकाच्या रुंदीचा अंदाज येतो. पण कानाची पाळी, केस, अंगावरची चरबी यांबद्दल कवटी फारसे बोलत नाही. तेथे कलाकाराची कल्पनाशक्ती कामाला येते.

कधी तर हाती कवटीही नसते. जॉन लिस्ट याने १९७१ मध्ये न्यू जर्सीत आपली आई, पत्नी आणि तीन मुले यांचा खून केला व तो नाहीसा झाला. अठरा वर्षांनी बेंडर यांच्यासमोर होती फक्त जुनी छायाचित्रे. त्यांनी गाल ओघळवले, केस मागे हटवले आणि लिस्टच्या स्वभावाचा विचार करून जाड काड्यांचा चष्मा चढवला. २१ मे १९८९ रोजी तो पुतळा दूरदर्शनवर दाखवला गेला. एका प्रेक्षकाने कळवले आणि १ जून रोजी व्हर्जिनियात लिस्ट पकडला गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपण लिस्ट नव्हेच, असे तो माणूस सांगत राहिला. मग त्याला दोषी ठरवायला पुतळ्याचा आधार पुरला असता का? नाही. साम्य दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे. तसे मानले तर एखादा निरपराधही अडकेल. लिस्टची ओळख पटवली ती बोटांच्या ठशांनी.

कल्पनेने कुठे शोधावे ते सुचवले, पुराव्याने निर्णय दिला. प्रयोगशाळेत आम्ही तर्क मांडतो आणि मग तो तपासतो, तोच हा क्रम. वर्गात मुलांना घरातील एखाद्या मोठ्या माणसाच्या लहानपणीच्या फोटोवरून त्यांचा आजचा चेहरा काढायला सांगावा, मग प्रत्यक्षाशी ताडून पाहायला लावावे. अंदाज कुठे चुकला हे शोधताना मुले जे शिकतील, ते बरोबर आलेल्या चित्रापेक्षा मोलाचे असेल.